चार वाजता आठवण झालेला मसालेभात

सांगली-मिरजेच्या कार्यालयांत लग्नसराईत दर वेळी तेच. साडेबाराला उतरवलेला मसालेभात चारपर्यंत पातेल्यात झाकून ठेवायचा आणि मग उरलेलं अन्न गोळा करून वाटणाऱ्या आम्हाला फोन, "शंभर माणसांचं उरलंय, घेऊन जा!" अहो, काय घेऊन जा?

शिजलेलं अन्न ६० अंशांच्या वर गरम, नाहीतर ५ अंशांच्या खाली गार हवं. मधल्या तापमानात दोन तास गेले की धोका. भातात तर 'बॅसिलस सेरियस' या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही जगतात, आणि त्यांचं उलटी करवणारं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. वास बरा येतो म्हणून भात बरा नसतो! मोठ्या पातेल्याचा मधला गोळा तासन् तास कोमटच राहतो. दोन इंच खोल परातीत पसरायला किती वेळ लागतो?

त्यात वाढपी मठ्ठ्याच्या बादलीत जिलबी ओततात. उष्टं आणि न वाढलेलं एकत्र केलं की सगळंच खरकटं.

मुळात पाचशे पानांचा भात एकदम का शिजवायचा? तीनशेचा आधी लावा, दुसरी पंगत मोजून बाकीचा. तांदूळ धुऊन निथळलेला, फोडणी तयार. अर्ध्या तासाचं काम. पण नाही, आचाऱ्याला दोनला घरी जायचं असतं.