ती सांगायला धावत आली

आज दुपारी माझ्या सात वर्षांच्या पोरीच्या हातून माझा मोबाइल पाण्याच्या टाक्यात पडला. ती स्वतःच धावत आली, "आई, माझ्याच हातून पडला." (हे नवऱ्याच्या मोबाइलवरून लिहितेय.) मी मारलं नाही. मोबाइल काढला, पुसला आणि तो पंख्यापुढे धरायला तिलाच बसवलं. ओसरीवर बसलेल्या नात्यातल्या एक बाई म्हणाल्या, "आमच्या टायमाले असती तं सालटंच काढलं असतं. मोबाइलवर पाहून शिकलेलं फ्याड हाय हे!"

तेव्हापासून डोकं भणभणतंय.

मी नऊ वर्षांची होते. पऱ्हाट्यांच्या ढिगावर चढू नको असं माय बजावून वावरात गेली होती. मी चढले आणि विंचू चावला, उजव्या हाताच्या बोटाला. आग खांद्यापर्यंत चढत होती. मी कोठ्यामागे हात मांड्यांत दाबून बसले, पण कोणाला सांगितलं नाही. सांगितलं की पहिला प्रश्न, तिथं गेलीच काऊन? आणि मग फोक. दिवेलागणीला मी डाव्या हाताने जेवताना मायला दिसले. आधी पाठीत धपाटा बसला. मग बाबांच्या सायकलवर मला मांडीत धरून ती दवाखान्यापर्यंत रडत गेली.

"आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो" म्हणता ना? काय घडलो? प्रगतिपुस्तक लपवायला शिकलो. वाटेत कोणी छेड काढली तरी पोरींनी घरी तोंड उघडलं नाही, कारण शाळाच बंद झाली असती. कोठ्यामागे बसलेल्या अशा किती पोरी असतील आपल्या गावात!

आणि फ्याड कसलं? 1920 साली गुजरातचे शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी भावनगरला बालमंदिर काढलं, ते मार आणि धाक बाजूला ठेवूनच. पुढे ताराबाई मोडक त्यांच्यासोबत काम करू लागल्या, त्या तर त्याआधी आपल्या अमरावतीत राहायच्या. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारायला बंदी आहे. मास्तरला बंदी, मग आईबापाला मोकळीक काहून?

हो, पोरं कधी कधी डोक्यावर बसतात, मान्य. माझाही हात दोनदा सुटलाय.

मायवर माझा राग नाही. पहाटे भाकरी थापून ती निंदाले जायची. परत आली की चूल, बकऱ्या, आम्ही चौघं. समजावत बसायला वेळ कुठून आणणार होती ती? त्यात विहिरीला कठडा नाही, तणात साप. एखादं पोर चुकलं तर जिवावरच बेतायचं. तिचा मार म्हणजे तिची भीतीच होती. पण त्याच भीतीने मला कोठ्यामागे नेऊन बसवलं.

मागच्या संक्रांतीला तुरीच्या शेंगा सोलता सोलता मायने इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "इच्चू चावला तवा सांगतलं काऊन नाही वं?"

"तू मारशीन म्हणून."

ती काहीच बोलली नाही. शेंग हातात तशीच राहिली.

आज संध्याकाळी तिला फोनवर मोबाइलचं सांगितलं. कितीचा होता, चालू झाला का, काही विचारलं नाही. म्हणाली, "पोरीले मारलं तं नाही ना वं?"