'दॅन' तेवढं गिळा, बाकी सगळं चालतं

मंडळी, दहावीला 'चेंज द डिग्री' केलंय ना? मुंबई इज द बिगेस्ट सिटी, मग मुंबई इज बिगर दॅन एनी अदर सिटी, मग नो अदर सिटी इज ॲज बिग ॲज मुंबई. तीच मुंबई तीनदा फिरवायची, आणि त्यात 'अदर' लिहायचं राहिलं की मार्क गेला, कारण मग मुंबई स्वतःपेक्षाच मोठी व्हायची. आमच्या बाईंनी त्या 'दॅन'साठी केवढा घसा फोडला होता. फुकट गेला. बाहेरच्या जगात 'दॅन' कधीच रद्द झालंय, तेव्हा चार लोकांत आपला अनुभव इंग्रजीत सांगायचा असेल किंवा कस्टमर केअर, ॲप, बँक असल्या ठिकाणी करियर करायचं असेल तर हे पाठ करून ठेवा.

पहिलं म्हणजे, कुठलीही गोष्ट वाईट होती असं थेट म्हणायचं नाही, ते गावठी दिसतं. 'कुड हॅव बीन बेटर' म्हणायचं. बिर्याणीत झुरळ निघालं? कुड हॅव बीन बेटर. फक्त 'कुड' आणि 'कुडन्ट' नीट उच्चारा, कारण 'कुडन्ट हॅव बीन बेटर' म्हणालात तर त्याचा अर्थ याहून चांगली बिर्याणी होऊच शकत नाही असा होतो आणि पुढच्या वेळी तीच येते, झुरळासकट.

'मोर बेटर' बिनधास्त म्हणा. कोणी हसलं तर सांगा की शेक्सपियरने 'ज्युलियस सीझर'मध्ये अँटनीच्या तोंडी 'मोस्ट अनकाइंडेस्ट कट' घातलंय, त्या काळी असं डबल चालायचं. पुढे लंडनचे बिशप झालेल्या रॉबर्ट लोथ यांनी १७६२ च्या आपल्या व्याकरणात ते अयोग्य ठरवलं आणि तेव्हापासून आपण एकमेकांना हसतोय. (मला खरंतर 'मोर बेटर' म्हणणारा माणूस आवडतो. त्याला निदान काहीतरी मनापासून सांगायचं असतं.)

'बेटर लेट दॅन नेव्हर' हे उशीर करणाऱ्याने म्हणायचं, वाट बघणाऱ्याने नाही.

'द मोर द मेरिअर' लग्नघरात म्हणा, संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये म्हणू नका, मार खाल.

परदेशात राहून आला असाल तर 'आय हॅव हॅड बेटर' पाहिजेच. काकूने खास देवगडहून पेटी मागवलेली असते, साल काढून फोडी पुढ्यात ठेवलेल्या असतात, तेव्हा एक फोड खाऊन हे बोलायचं आणि उरलेल्या सगळ्या संपवायच्या.

आता मुख्य टीप. 'दॅन' गिळायचं. बेटर, फास्टर, स्मूदर, ईझिअर, वाट्टेल ते म्हणा, पण कशापेक्षा ते बोलायचं नाही. हे शिकायला क्लास लावायची गरज नाही, आमच्या बिल्डिंगला नेट पुरवणाऱ्या कंपनीला फोन लावा. मी लावला. खाली रस्ता खोदला, केबल तुटली, सगळी विंग बंद. फोन उचलल्या उचलल्या बाई म्हणते 'टू सर्व्ह यू बेटर' हा कॉल रेकॉर्ड होऊ शकतो. कशापेक्षा बेटर? सर्व्ह करायला लागलात कधी? मग 'फॉर फास्टर रेझोल्यूशन' आमचं ॲप वापरा. मोबाईलचा डेटा जाळून ॲप उघडलं तर ते म्हणतं आधी अपडेट करा, 'फॉर अ स्मूदर एक्स्पिरियन्स'. केलं. तक्रार टाकली, तिकीट नंबर आला, आणि संध्याकाळी मेसेज की तुमची तक्रार सोडवण्यात आलेली आहे. राउटरचा लाल दिवा तसाच. वर विचारतात, अनुभव कसा होता, तीन बटणं, बेटर दॅन एक्स्पेक्टेड, ॲज एक्स्पेक्टेड, वर्स दॅन एक्स्पेक्टेड. बघा, जिथे त्यांच्या सोयीचं आहे तिथे 'दॅन' बरोब्बर सापडतं! मी इमानदारीत 'ॲज एक्स्पेक्टेड' दाबलं कारण माझी अपेक्षा हीच होती की काहीही होणार नाही. दुसऱ्या दिवशी फोन, सर थँक यू फॉर युअर पॉझिटिव्ह फीडबॅक, आपल्यासाठी फास्टर प्लॅन आहे.

फास्टर! अहो बंद नेटपेक्षा पोस्टमनसुद्धा फास्टर आहे. आणि कायद्याचा आधार शोधायला जाल तर २०२३ पासून सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएस, त्याआधी ५१२ केबीपीएस होतं, म्हणजे एवढ्याशा खुंटीवर त्यांचं 'फास्टर' आरामात टांगता येतं. जाहिरातवाल्यांची जी कौन्सिल आहे, एएससीआय, तिच्या संहितेत म्हटलंय की दुसऱ्याच्या मालाशी तुलना केली तर कशाची कशाशी केली ते स्पष्ट पाहिजे. म्हणून हे शहाणे दुसऱ्याचं नावच घेत नाहीत, नुसतं बेटर म्हणून वाक्य अर्धवट सोडतात आणि पुढचं आपण आपल्या मनाने भरतो. मराठीसाठी दोन दाबलं तरी सुटका नाही, तिथे 'आपल्याला अधिक चांगली सेवा देण्यासाठी' चालू होतं. अधिक चांगली राहू द्या हो, आधी चांगली द्या, तीही जमत नसेल तर नुसती सेवा द्या, केबल तुटलीय ती जोडा, माणूस कधी येणार ते सांगा, तारीख आणि वेळ, 'ॲट द अर्लिएस्ट' नको, 'सूनर' नको, मंगळवारी अकरा वाजता असं काहीतरी माणसासारखं सांगा. महिन्याचं बिल पाठवताना कसं रुपये-पैशांसकट बरोबर आकडा लिहिता? तिथे नाही म्हणत 'थोडे मोर पैसे द्या'.

आणि तुम्ही हो, हे वाचून हसताय ते. तो पोरगा शेवटी येतो, केबल जोडतो, दारात उभा राहून म्हणतो सर पाच स्टार द्या ना, नाहीतर माझे पैसे कापतात. त्याचा काही दोष नाही, त्याला द्या पाच. पण खाली कंपनीसाठी जी रिकामी चौकट असते ती सोडून का देता? लिहा ना तिथे, किती दिवस नेट बंद होतं, किती वेळा खोटं 'सोडवलं' म्हणून कळवलं. सोसायटीच्या ग्रुपवर रोज रात्री शिव्या घालता, आणि त्या चौकटीत 'गुड' लिहून मोकळे होता. मग बसा लाल दिवा बघत.