एर्गोचा आकडा म्हणजे रोअर नव्हे

रोइंगच्या निवडीत अजूनही पहिला प्रश्न एकच: एर्गोवर (जमिनीवरच्या रोइंग मशीनवर) २००० मीटरला किती वेळ? यावरच निम्मी नावं गळतात, आणि हे मला पटत नाही.

एर्गो खोटं बोलत नाही, मान्य. ५०० मीटरची वेळ १:४५ मिनिटांवरून १:४० वर आणायची तर ३०० वॉटच्या जागी ३५० वॉट लागतात. पायांत तेवढा दम नसेल तर पुढचं बोलणंच नको. (नवखी पोरं डॅम्पर (मशीनच्या चाकात किती हवा शिरते ते ठरवणारा खटका) १० वर ठेवून पैलवानकी करतात आणि कंबर धरून बसतात. ड्रॅग फॅक्टर, म्हणजे चाकाला होणाऱ्या विरोधाचा पडद्यावरचा आकडा, १२०-१३० पुष्कळ झाला.)

पण एर्गो जमिनीवर ठाण मांडून असतं. सिंगल स्कल, म्हणजे एकट्याची बोट, जेमतेम १४ किलोची, आत बसलेला गडी ९० किलोचा. वल्ह्याचा फटका संपवून तो सीटवरून घाईने परत आला की सगळं वजन पायफळीवर आदळतं आणि बोटीला ब्रेक लागतो. तळाखाली बुडबुड्यांचा एकसारखा आवाज चालू असतो, तो तिथे तुटतो. एर्गोच्या पडद्यावर या घाईचा मागमूस नसतो. वल्ह्याचं पातं उशिरा पाण्यात टाकणाऱ्याचंही तेच. पाय ढकलायला लागलेत, पातं अजून हवेत. फटक्याची सुरुवातच वाया. शर्यतीत असे दोनशेच्या वर फटके असतात!

आकड्याच्या हट्टापायी बरगडीला स्ट्रेस फ्रॅक्चरही होतं. खोल श्वास घेताना, कुशीवर वळताना कळ येते, आणि ‘स्नायू ताणला असेल’ म्हणत पोरगा वल्हवत राहतो. मग चार-आठ आठवडे घरी.

हलक्या वजनगटाला (पुरुष ७२.५, महिला ५९ किलोपर्यंत) पॅरिस २०२४ नंतर ऑलिंपिकमध्ये जागाच उरली नाही. त्या मुलांनी आता ९५ किलोवाल्यांशी एर्गोवर भिडायचं? ब्रिटिश रोअर स्टीव्ह रेडग्रेव्हचं पाचवं सलग ऑलिंपिक सुवर्ण २००० साली आलं, वय ३८, मधुमेह असताना. इतकी वर्षं खेळता येणाऱ्या खेळात विशीतल्या मुलाला एका आकड्यावर कसलं बाद करता?

त्यापेक्षा पाण्यावर सीट रेस घ्या. दोन फोर (चौघांच्या) बोटी, ठरलेला स्ट्रोक रेट (मिनिटाला फटके), १५०० मीटर. पहिली बोट २ सेकंदांनी जिंकली. दोन्हींतला एकेक गडी अदलाबदल करा, दम खाऊ द्या, पुन्हा सोडा. आता दुसरी १ सेकंदाने पुढे आली, तर त्या दोघांत ३ सेकंदांचा फरक. मध्येच वारा फिरला तर मात्र ती फेरी रद्द करा. तिथे कंटाळा केलात तर एर्गोच बरं.