व्हिसेरा राखला म्हणजे विष दिलं, असं नव्हे

सोलापुरात जोडभावी पेठेपासून होटगी रोडपर्यंत सगळ्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘पोस्टमॉर्टेमनंतर व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले पोटातले अवयव) राखून ठेवला, म्हणजे विषप्रयोग झालाच. डॉक्टर उगाच तोंड उघडत नाहीत.’ हे चूक आहे. शवविच्छेदनात मृत्यूचं कारण स्पष्ट झालं नाही किंवा विषाची नुसती शंका आली, तरी व्हिसेरा राखतात. तो पुरावा नाही, प्रश्न आहे.

जठर आणि त्यातलं अन्न, लहान आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंडाचे भाग बरणीत घालतात, वर मिठाचं संपृक्त द्रावण. हो, साधं मीठच! अवयव टिकवायचं नेहमीचं रसायन, फॉर्मलिन, इथे चालत नाही, त्याने विषाची रासायनिक तपासणी बिघडते. बरणीला सील, लेबल. मग पोलिसांमार्फत ती न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जाते.

आणि अहवालात ‘विष आढळले नाही’ आलं म्हणून लगेच ‘दाबलं’ म्हणू नका. काही विषं शरीरात लवकर विघटित होतात, उपचारांत उलट्या काढल्या तर जठर रिकामंही असतं. म्हणून डॉक्टर एकट्या अहवालावर जात नाहीत. शवविच्छेदनातल्या नोंदी, उपचारांचे कागद, पंचनामा, सगळं जुळवून मत देतात. तोवर कुणाच्या सुनेला, भावाला खुनी ठरवणारा मेसेज पुढे ढकलू नका, बाबांनो.