फुटपाथवरच्या लोकांना आधार कार्ड काढून देऊ नका म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस एक लांबलचक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय, फुटपाथवाल्यांना घरं मिळवून देणाऱ्या संस्थांचा 'खरा चेहरा' वगैरे. पहिल्यांदा आला तेव्हा मी सोडून दिला. पण परवा आत्याने पाठवला आणि खाली विचारलं, "अगं, मी त्या निवाऱ्यात दर महिन्याला किराणा देते, तो बंद करू का?" म्हणजे आता लिहायलाच हवं, कारण आत्यासारखी माणसं मागे हटली की तिकडे डाळ-तांदूळ खरंच कमी पडतो.

मेसेज थोडक्यात असा: मुंबईतले निवारे रिकामे पडलेत, या लोकांना तिथे जायचंच नसतं. संस्था त्यांना फुकट फ्लॅट मिळवून देतात, ते फ्लॅट भाड्याने देऊन परत फुटपाथवर येतात. संस्थावाले त्यातून कोट्यवधी कमावतात. आधार कार्डं काढून देऊन बाहेरच्या लोकांना 'नागरिक' बनवतात. आणि शेवटी सल्ला, की कसलीही मदत करू नका, सरळ भिकारी पकडणाऱ्या पथकाला फोन करा.

निवाऱ्यांचं आधी. हो, काही निवाऱ्यांत काही रात्री खाटा रिकाम्या असतात, हे मी मान्य करते. पण का ते बघा ना. नवरा एकीकडे, बायको-मुलं दुसरीकडे अशी सोय असेल तर कुटुंब जाईल का? पहाटे नाक्यावर उभं राहून काम मिळवणारा माणूस दोन बस बदलून झोपायला जाईल का? आणि एकूण हिशोबच घ्या. केंद्राच्या शहरी उपजीविका अभियानाने घालून दिलेला नियम असा की दर १ लाख शहरी लोकसंख्येमागे किमान १०० जणांच्या निवाऱ्याची सोय हवी. २०११ च्या जनगणनेत मुंबई साधारण १ कोटी २४ लाख, म्हणजे १२,४०० जणांची सोय. त्याच जनगणनेत मुंबईतले बेघर सुमारे ५७ हजार, आणि रात्री रस्त्यावर फिरून काम करणारं कोणीही सांगेल की मोजणीत बरेच सुटतात. म्हणजे नियम शंभर टक्के पाळला तरी पाचातल्या एकालाच जागा, आणि मुंबई त्या नियमाच्या जवळपासही पोचलेली नाही. मग 'यांना जायचंच नसतं' हे कुठल्या तोंडाने म्हणायचं?

फुकट फ्लॅटचं तर डोकंच फिरतं. एसआरएमध्ये, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत, घर मिळायला झोपडी लागते, ती २००० च्या आधीची असल्याचा पुरावा लागतो (२००० ते २०११ मधली असेल तर पैसे भरून), परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे झोपडीधारकांच्या सरकारी यादीत, पात्र म्हणून नाव लागतं. जो माणूस दुकानाचं शटर पडल्यावर चादर पसरतो आणि पहाटे गुंडाळतो त्याच्याकडे झोपडीच नाही, तो पात्र कशावर होणार? कुठलीही संस्था त्याला फ्लॅट 'मिळवून' देऊ शकत नाही. एसआरएची घरं विकली जातात, भाड्याने जातात, हे खरंय आणि चुकीचंय, पण तो वेगळा विषय आहे. फुटपाथवर झोपड्या असलेल्यांना घरं मिळालीत त्याची गोष्ट ऐकायची असेल तर भायखळ्याची ऐका. तिथल्या फुटपाथवरच्या बायकांनी महिला मिलन म्हणून एकत्र येऊन बचत सुरू केली, स्पार्क संस्था सोबत होती, १९८५ मध्ये स्पार्कने फुटपाथवरच्या कुटुंबांची मोजणी केली, आणि मानखुर्दच्या मिलन नगरात पक्क्या घरात जाईपर्यंत वीसेक वर्षं गेली. वीस वर्षं बचत करणाऱ्या बाईला फुकट मिळालं म्हणताना काही वाटत नाही का?

पैशांचं एवढंच सांगते की क्यूआर कोड फिरवून पैसे गोळा करणारे भामटे आहेत, नाहीत असं मी म्हणणार नाही. म्हणून विचारा. महाराष्ट्रात नोंदलेल्या ट्रस्टला धर्मादाय आयुक्तांकडे ऑडिट केलेले हिशोब द्यावे लागतात. ते मागा, आणि दाखवत नसतील तर देऊ नका. त्यासाठी सगळ्यांना चोर म्हणायची गरज नाही.

आता आधार कार्ड, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले. मेसेज म्हणतो की ज्यांच्याकडे पत्ताच नाही त्यांना आधार काढून देणं बेकायदेशीर आहे. आधार कायदा, २०१६, कलम ५ उघडून वाचा. त्यात स्पष्ट म्हटलंय की महिला, मुलं, ज्येष्ठ, अपंग, असंघटित कामगार, भटक्या जमाती आणि ज्यांना कायमचं घर नाही अशा लोकांना आधार देण्यासाठी आधार प्राधिकरणाने विशेष उपाय करायचे आहेत. म्हणजे मेसेज ज्याला गुन्हा म्हणतोय ते काम कायदा सरकारला करायला सांगतोय. आणि कलम ९ म्हणतं की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. मग आधार काढून कोणी नागरिक बनला कसा? एकाच कायद्यातली दोन कलमं आहेत, पाच मिनिटांत वाचून होतात, पण फॉरवर्ड करणाऱ्या एकालाही ती वाचावीशी वाटली नाहीत.

आधार नसलं की काय होतं ते मी बघितलंय. आमच्या भागात भंगार वेचणारी एक मावशी होती, दिवसभर काम करायची, पैसे कनवटीला बांधून झोपायची आणि ते चोरीला जायचे, कारण बँकेत खातं नाही, खातं नाही कारण आधार नाही. डिपॉझिटपुरते पैसे जमले तरी खोली मिळत नाही कारण मालकाला भाडेकरार हवा, पोलीस व्हेरिफिकेशन हवं, आणि ऑनलाइन करार करायचा तर आधारवर अंगठा लागतो. म्हणून कार्यकर्ते सुरुवात घरापासून करत नाहीत, कागदापासून करतात. गाव कुठलं, शाळेत कधी गेली होती का, दाखला निघेल का, ग्रामसेवकाला फोन, परत फोन. कागद काहीच नसेल तर ओळख देणारा माणूस उभा करायचा. बोटांचे ठसे भंगारात झिजलेले असतात, मशीन घेत नाही, मग डोळ्यांवर नोंदणी. मतदार यादीत नाव घालायचं तर बीएलओने, म्हणजे त्या भागातली मतदार यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याने, रात्री येऊन माणूस खरंच तिथे झोपतो का ते बघायचं असतं, तर त्यांच्या मागे लागायचं. हे सगळं झाल्यावर त्या मावशीचं खातं उघडलं, बचत झाली, डिपॉझिटला संस्थेने थोडी भर घातली आणि ती आता भाड्याच्या खोलीत राहते. भाडं ती स्वतः भरते. आधार काढून देऊ नका म्हणणं म्हणजे तिला फुटपाथवरच ठेवा, दुसरा काहीच अर्थ होत नाही.

आणि तो पथकाला फोन करायचा सल्ला. मुंबई भीक प्रतिबंधक कायदा १९५९ चा आहे. त्यात उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि भिकेवर जगत असावा असं वाटतं एवढ्यावरही माणूस 'भिकारी' ठरू शकतो, वॉरंटशिवाय उचलता येतो, पहिल्यांदा एक ते तीन वर्षं आणि पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत डांबता येतो. म्हणजे तुमच्या एका फोनने नाक्यावरच्या मजुराची रोजी, बायको-मुलं, सगळं सुटू शकतं. दिल्ली हायकोर्टाने २०१८ मध्ये याच कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली, आपल्याकडे तो चालूच आहे.

फोन करायचाच असेल तर योग्य ठिकाणी करा. मूल एकटं दिसलं तर १०९८. म्हातारं माणूस टाकून दिलेलं दिसलं तर १४५६७. मानसिक आजारी माणूस भटकताना दिसला तर पोलिसांना ११२ वर सांगा आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १०० ऐकवा, त्याला २४ तासांत सरकारी दवाखान्यात नेणं आणि त्याचं घर शोधणं हे पोलिसांचं काम आहे. कर्जतला डॉ. भरत वाटवानींचं श्रद्धा फाउंडेशन अशाच लोकांवर उपचार करून त्यांना आपापल्या गावी घरच्यांपर्यंत पोचवतं, त्यासाठी त्यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळालाय. फोन करताना जवळची खूण नीट सांगा, माणूस रात्री तिथेच असतो का तेही सांगा, आणि जमलं तर कोणी येईपर्यंत थांबा.