फौजी आबा

आमच्या औसा तालुक्यातले फौजी आबा गेले, हे तुमच्या लेखातूनच कळलं. आज दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. ते जंगी पलटणीतले, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. १९७१ च्या युद्धात आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला लढले, हे लेखात आलंय. आम्ही पोरं पारावर त्यांना घेरून लढाईचं विचारायचो, तर एवढंच म्हणायचे, "ब्रह्मपुत्रेचं पाणी लई गार होतं रे बाळा." पुढं गप्प. सोबत्यांची आठवण निघाली की उपरण्यानं डोळे पुसायचे.

लेखात नसलेली एक गोष्ट सांगतो. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली आणि उजाडायच्या आत आबा फावडं घेऊन निघालेसुद्धा. चार दिवसांनी परत आले तेव्हा दोन्ही तळहात सोललेले होते. माझ्या आईनं हळद-तेल लावून दिलं. त्या हातांनी किती माणसं काढली, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही.

दरवर्षी १६ डिसेंबरला, त्या युद्धाच्या विजय दिनाला, ते पदकं चिंचेनं घासून लख्ख करायचे.

आबा, तुम्हाला कडक सॅल्यूट. आजी, धीर धरा. दहाव्याला मी गावी येतोय.