पेपर परत हवाय? आधी चार हजार टाका

छापायचे अठराशे आणि न छापायचे चार हजार! माझाच संशोधनाचा पेपर मी परत मागितला, तर तो छापणारे जर्नलवाले म्हणतात, 'विड्रॉवल चार्ज' भरा. आमच्या नाशिकला भद्रकालीच्या भाजीबाजारात किडकी मेथी परत करायला गेलं तर भाजीवाली चार शब्द सुनावेल, पण वर आणखी पैसे मागायची तिचीही हिंमत होणार नाही.

मी कॉलेजात सीएचबीवर शिकवते. म्हणजे तासाला पैसे, सुट्टीत ठणठणाट. तरीही दोन उन्हाळे ॲक्टिव्हा घेऊन निफाड तालुका पालथा घातला. कांदाचाळीत ठेवलेला उन्हाळ कांदा किती सडतो, किती कोंब धरतो, वजनात किती घटतो आणि मग लासलगावच्या लिलावात शेतकऱ्याच्या हातात काय उरतं, याचा हिशोब मांडायचा होता. ११२ शेतकऱ्यांशी बोलले. एका आजोबांनी तर जुन्या वह्या काढून दिल्या, १० वर्षांच्या काटापट्ट्या चिकटवलेल्या.

तेवढ्यात विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, नॅकला आकडा हवाय. परिषदेचा विशेषांक निघतोय, टाकून द्या ना पेपर." (नॅक म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणारी संस्था, तिला छापलेल्या पेपरांचा आकडा दाखवायचा असतो.) आणि हळूच, "माझंही नाव घाला, पहिलं घातलंत तर बरं." चाळीत कांदा उभा रचतात की आडवा, हे ज्या माणसाला सांगता येणार नाही, तो माझ्या कांद्याच्या पेपरचा पहिला लेखक! मी घातलं नाव. पुढच्या वर्षीचे तास कोण देणार, हे मला माहीत होतं. त्याबद्दल मला शिव्या घाला, चालेल.

रात्री ११ ला पेपर पाठवला. सकाळी चहा उकळायच्या आत 'ॲक्सेप्टेड' असा मेल! दोन तज्ज्ञांनी तपासला म्हणे. कोणते तज्ज्ञ हो? रातपाळीचे? घाईघाईत माझ्याकडून जुनी फाइल गेली होती. त्यात तिसऱ्या तक्त्याखाली मी स्वतःसाठी पिवळ्या रंगात लिहून ठेवलं होतं, 'हे आकडे पुन्हा तपासणे'. दोघाही तज्ज्ञांना ते पिवळं दिसलं नाही!

मग मी त्यांची वेबसाइट नीट बघितली. आधी बघायला हवी होती, मान्य. पानावर 'कोप'चा लोगो. कोप म्हणजे १९९७ पासून जर्नलांच्या संपादकांना नीतीचे नियम सांगणारी संस्था. तिची सभासदयादी कुणालाही उघडून बघता येते. मी बघितली, यांचं नाव नाही. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या पेपरांचा इतर संशोधक सरासरी किती वेळा दाखला देतात तो आकडा, आठच्या वर. पण खरा इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट नावाची कंपनी काढते आणि तिथे यांचा पत्ता नाही. राहता राहिला आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळख क्रमांक, तो मात्र खरा. पण एमएच १५ ची पाटी लागली म्हणून गाडीला ब्रेक आहेत असं होतं का?

लगेच मेल केला, पेपर छापू नका. उत्तर आलं चार हजारांचं. मी भरले नाहीत, तर आठवड्याभरात पेपर ऑनलाइन टाकून मोकळे. कॉपीराइटच्या फॉर्मवर माझी सही नाही, शेवटचं प्रूफ दाखवलेलं नाही. पिवळी ओळ जशीच्या तशी.

आणि खरी आग इथे होते. आता हा पेपर मी चांगल्या जर्नलला देऊ शकत नाही. तिथे लिहून द्यावं लागतं की हे आधी कुठे छापलेलं नाही. खोटं लिहिलं तर दुबार छापल्याचा ठपका माझ्यावर. मजकुराची चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला लावला तर माझाच मजकूर माझीच चोरी म्हणून पकडला जाईल. सरळ संपादक असता तर चूक कळल्यावर कारण देऊन पेपर मागे घेतल्याची सूचना छापली असती. हे फार तर पैसे घेऊन पान गुपचूप उडवतील. उद्या कुणी त्या तपासायच्या राहिलेल्या आकड्यांवर आपला पेपर रचला, तर? कांद्याच्या साठवणुकीवर लोक निर्णय घेतात हो, हा काही खेळ नाही.

आणि यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, त्यांचं काय म्हणावं! २०१८ मध्ये त्यांनी स्वतःच्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ जर्नलं काढून टाकली. मग 'केअर' नावाची चांगल्या जर्नलांची नवी यादी आणली, तिचं काम आपल्याच पुणे विद्यापीठात चालायचं. तिच्यातही घोळ होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद. आता निकष सुचवलेत, चांगलं जर्नल कोणतं ते कॉलेजांनीच ठरवायचं. म्हणजे आमच्याकडे कोण ठरवणार? ज्यांना पहिलं नाव हवं होतं तेच!

आजोबांचा परवा फोन आला, "ताई, आमचं छापून आलं का?" मी म्हटलं, अजून नाही.

आणि आज सकाळी त्याच जर्नलचा मेल. तुमचं संशोधन पाहून आम्ही प्रभावित झालो आहोत, संपादक मंडळावर या. फी अडीच हजार. सोबत ओळखपत्र मिळेल म्हणे, गळ्यात अडकवायच्या दोरीसकट.